पळालेली वाडी आणि मानसीचा गेम

एका सकाळी सव्वादहा वाजता मी नुसत्या तोंडाने आमची अख्खी वाडी रिकामी केली. अंगात तेव्हा बनियन होता.

आमची मुलगी मानसी पुण्यात व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत नुकतीच लागली होती. गेम जुन्या आरमाराचा. आपण सरदार व्हायचं, गलबतं हाकायची आणि किनाऱ्यावरची गावं एकेक करून जिंकायची. सुट्टीत घरी आल्यावर तिने दाखवला तेव्हा मी दहा मिनिटांत चार गावं जाळली. (मी! ज्याने एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केली आणि फुकट्यालासुद्धा भर उन्हात उतरवलं नाही!) प्रत्येक गावात तीच बाई, तोच हंडा आणि एकाच सुरात, "वाचवा! वाचवा!"

"आमच्यात कोण गो 'वाचवा' म्हणता?" मी विचारलं.

"तांच तर मी सांगतंय, बाबा!" मानसी उसळली. "सरदाराच्या मिशीचो केस न् केस दिसता आणि ज्यांची घरां जळतत तेंका सादो आवाज नाय!"

हे तिने त्या सकाळी फोनवर साहेबांनाही ऐकवलं होतं. साहेब म्हणाले, "ठीक आहे. संध्याकाळपर्यंत पळणाऱ्या गावाचे आवाज पाठव. खरे वाटले तर घेऊ, नाहीतर हे काम दुसऱ्याकडे." नोकरी कच्ची, काम पहिलं. पोरीच्या घशाखाली चहा उतरेना.

"आवाज मी देतंय!" मी छाती फुगवली.

आता आमच्या आचऱ्यात गावपळणीची रीत आहे. दर काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन सगळा गाव गुरं-कोंबड्यांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. त्या सकाळी देवळात नेमका कौल होता. पुरुषमंडळी तिकडे, वाडी चिडीचूप. रेकॉर्डिंगला याहून चांगला मुहूर्त कुठला, असं मला वाटलं. (काय ती अक्कल!)

मानसीने माइक माडाला बांधला. मी घरापुढच्या खळ्यात उभा राहिलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "गाव सोडा रेऽऽ! गुरां सोडा! कोणी मागे रवू नकात!"

"अजून घाबरून, बाबा!"

"आताच्या आता भायर पडाऽऽ!"

कुंपणापलीकडून शेजारच्या भागीकाकीचा आवाज आला, "कौल झालो गोऽऽ! आजच जावक व्हया!"

मग काय विचारता! पाच मिनिटांत बारा घरांची दारं उघडली. कुणाच्या स्कूटरवर गॅसची शेगडी, कुणाच्या डोक्यावर गादी. एक गाय आमच्या अळवातून गेली. आमची मंडळी मसाल्याची बरणी छातीशी धरून बाहेर आली.

"तुमी उबे काय ऱ्हवलात? गावपळण सुरू झाली!"

"अगो, तां मीच ओरडलंय! गाव गेमात पळता!"

"गेमात? तां खंय इला? चिंदर गावाच्या अलीकडे काय पलीकडे?"

मी कपाळावर हात मारला आणि लोकांना थांबवायला धावलो. "थांबाऽऽ! काय एक झाला नाय!" पण कंडक्टर बनियनवर पळतोय हे बघून लोक आणखी जोरात पळाले!

वेशीपाशी देवळातून परतणारी माणसं भेटली तेव्हा कुठे उलगडा झाला. कौल पुढच्या महिन्याचा मिळाला होता. सगळी वाडी माझ्याकडे वळली. भागीकाकी काखेत कोंबडा धरून पुढे आली. मी हात जोडले आणि मानसीच्या नोकरीचं सगळं सांगून टाकलं.

काकीने कोंबडा दुसऱ्या काखेत घेतला. "मेल्या, माझी पेज करपली तुझ्यापायी. चेडवाच्या नोकरीसाठी व्हया होता तर आदी सांगूचा नाय मरे? आमी आणखी बरे पळालो असतो!"

वाडी खो खो हसली. इतकी भली माणसं शेजारी असायला नशीब लागतं.

घरी आलो तर मानसी कानाला हेडफोन लावून बसलेली, डोळ्यांत पाणी. माइक चालूच राहिला होता! त्यात सगळं आलं होतं. गाईची घंटा, "माझो कोंबडो खंय गो?", "चूल इजवलास?", "म्हातारेक आदी धरा, मगे टोपां!" एकानेही 'वाचवा' म्हटलं नव्हतं. जो तो दुसऱ्यालाच हाका मारत होता.

संध्याकाळी तिने ते पाठवलं. ते आवाज गेममध्ये घालून साहेब स्वतः खेळून बघायला बसले म्हणे. गाव जाळायला तोफ रोखली, काकीचा कोंबडा सापडेना हे ऐकलं आणि गलबत मुकाट मागे वळवलं. मानसीची नोकरी पक्की झाली. मी बारा घरी जाऊन गोड खाजं वाटलं आणि प्रत्येक दारात मनापासून हात जोडले.

वाडीचा एकूण एक आवाज गेममध्ये गेला. फक्त माझा कापला. साहेबांचा शेरा होता, "हा माणूस ओरडल्यावर कुणी घर सोडून पळेल, असं वाटत नाही."