कुणाकडची खाडी

आमच्या गाण्याच्या गटाला नाव नव्हतं, तोवर आमचं बरं चाललं होतं. हे मी कडवटपणाने म्हणते असं कुणाला वाटलं तर वाटू दे. कडवट आहेच.

भिवंडीत मुलींच्या मराठी शाळेत मी मराठी आणि गाणं शिकवत होते. माझं माहेर वसईकडचं. घरामागे चर्च होतं आणि तिथली मंडळी रविवारी मराठीतच गायची, पण सगळी एकच चाल धरून नाही. बायका वर कुठेतरी, पुरुष खाली, आणि मधून आणखी कुणीतरी तिसरंच काही गात असायचं. तरी सगळं एकमेकांत चपखल बसायचं. लहानपणी मला वाटे, गाणं म्हणजे असंच असतं. लग्न होऊन भिवंडीत आल्यावर कळलं, की इथे त्याला बेसूर म्हणतात.

मैत्रीण मला मतदार यादीच्या ड्युटीवर भेटली. ती उर्दू शाळेत गणित शिकवायची. कोकणी मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या खाडीकाठी राहिलेलं घराणं. चौऱ्याऐंशीची दंगल होऊन तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. घरोघर जाऊन नावं तपासायला दोघी-दोघींच्या जोड्या लावल्या, त्यात आम्ही एकत्र आलो. आमच्याकडच्या गल्ल्यांत दार मी वाजवायचं, तिच्याकडच्या गल्ल्यांत तिने, असं आमचं न बोलता ठरून गेलं. एका घरातली बाई तिला म्हणाली, “अय्या, तुमचं मराठी किती छान आहे हो!” ती हसली. जिना उतरताना मला म्हणाली, “माझ्या आजीची आजी घरात हेच बोलायची. या बाईंना कुणी सांगतं का हो कधी, तुमचं मराठी छान आहे म्हणून?”

पुढच्या गल्लीत ती स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती, आणि मी थांबलेच. बाईमाणसाचा इतका खोल आवाज मी वसई सोडल्यानंतर ऐकला नव्हता. तिथेच, रस्त्यात उभी राहून, मी तिला विचारलं, “माझ्याबरोबर गाल का?”

“काय गायचं?”

“ते अजून ठरायचंय.”

असा आमचा गट सुरू झाला. दर शनिवारी शाळा सुटली की वरच्या वर्गात जमायचं. दहा-अकरा जणी होतो. बऱ्याचशा शिक्षिका, एक बँकेत काम करणारी, आणि राहनाळची एक आगरी बाई. ती बालवाडी चालवायची आणि तिच्या आवाजाला पेटीची गरजच नव्हती. शब्द आम्हीच जुळवायचो. नळाला पाणी येण्याची वाट बघणं, गिरणीतलं दळण, वीज गेल्यावर कापडाचे लूम थांबतात आणि अचानक सगळ्या मोहल्ल्यातली बोलणी ऐकू येऊ लागतात, असलं काहीबाही. चाली मी बांधायचे. वरचा, मधला आणि खालचा असे तीन आवाज. खालचा आवाज मैत्रिणीच्या जिवावर उभा होता. ती आली नाही तर त्या शनिवारी आम्ही चहा पिऊन घरी जायचो.

शहरातल्या एका वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात गायचं आमंत्रण आलं, तेव्हा नावाचा प्रश्न निघाला. पत्रिकेवर काय छापायचं? प्रत्येकीने नावं आणली. बहुतेक सगळी ‘स्वर’ने नाहीतर ‘नाद’ने सुरू होणारी. ती ऐकताना मला लग्नाच्या हॉलांची यादी ऐकतेय असं वाटत होतं. बँकेतली म्हणाली, भिवंडी आहे, तर सूत, माग, ताणाबाणा असं काही ठेवू. मैत्रीण म्हणाली, “म्हणजे आपण गायलो तरी कापडच विणतोय असं लोकांना वाटायला पाहिजे का?” त्या शनिवारी काही ठरलं नाही. पुढच्याही नाही.

शेवटी एका रविवारी आम्ही सगळ्या एस.टी.ने अकलोलीला गेलो. घरी वज्रेश्वरीच्या दर्शनाला जातो म्हणून सांगितलं होतं, नाहीतर रविवारचं कुणी सोडलं असतं? दर्शन झालं. मैत्रीण बाहेर आमच्या चपला सांभाळत बसली होती. मग कुंडांपाशी गेलो आणि बोटं चटके खात, हळूहळू पाय गरम पाण्यात सोडून ओळीने बसलो. नावांची चर्चा पुन्हा सुरू झाली, पुन्हा तेच ‘स्वर’ आणि ‘नाद’.

मैत्रीण पाण्यात पाय हलवत होती. मग म्हणाली, “खाडी ठेवा.”

बँकेतली मोठ्याने हसली. “खाडी? अहो, वास येतो.”

“भरती असताना बघा एकदा. आमच्या मागच्या दारातून दिसतं. नदीचं पाणी खाली जात असतं आणि समुद्राचं वर येत असतं. एकाच वेळी, एकाच जागी. कुणी कुणाला थांबवत नाही. आपण गाताना हेच करतो ना?”

मी पाय पाण्यातून बाहेर काढले. मला इतका आनंद झाला होता की बसवेना. आम्ही वर्षभर काय करतोय हे मला कुणाला दोन वाक्यांत सांगता आलं नव्हतं, आणि हिने ते एका शब्दात सांगितलं होतं.

राहनाळची म्हणाली, “आमचा बापूस खारीतच जन्मभर राबला. मासली खाडीची, मीठ खाडीचा. झ्याक नाव हाय. न्हाय म्हनायचा काय त्यात?”

वासाची कुरकूर थोडा वेळ चालली. पण येताना एस.टी.त बसलो तेव्हा सगळ्याच जणी एकमेकींना “काय गं खाडीवाले” म्हणत होत्या. नाव ठरलं होतं.

वाचनालयाचे अध्यक्ष वकील होते. माझ्या सासऱ्यांच्या ओळखीचे, बोलायला अतिशय मऊ. मी नाव सांगितल्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

“खाडी. छान. पण बाई, लोक विचारतील, कुणाकडची?”

“म्हणजे?”

“तुम्हाला कळतंय. खाडीकाठी कोण राहतं, दंगलीत तिकडे काय झालं, इकडे काय झालं. लोक अजून विसरलेले नाहीत. नाव असं असावं, की ऐकून कुणाला काही वाटायलाच नको.”

“नाव ऐकून काही वाटलंच नाही, तर ते नाव कशाला ठेवायचं?”

ते हसले. “तुम्ही कलावंत मंडळी.”

मी सांगितलं की नाव बदलणार नाही. फार तर नावाशिवाय छापा. ते बरं म्हणाले. मला वाटलं, मी जिंकले.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृहात शिरलो तर स्टेजवर कापडी फलक. पुढे एका देवीचं नाव, मागे ‘महिला गायन मंडळ’. पत्रिकेतही तेच. अध्यक्ष म्हणाले, “नावाशिवाय छापखानेवाला कसं छापणार? वेळच राहिला नव्हता. आणि देवीचं नाव आहे बाई, त्याला कोण हरकत घेणार?”

मैत्रीण माझ्या मागेच उभी होती. तिने फलक पूर्ण वाचला. तिचं मराठी वाचणं माझ्याइतकंच चांगलं होतं. मी म्हणाले, “आपण परत जाऊ या. आत्ताच्या आत्ता.” बाकीच्या माझ्याकडे बघू लागल्या. नव्या साड्या, गजरे, समोर बसलेले नवरे आणि मुलं.

ती म्हणाली, “अक्षर चांगलं काढलंय. चला, गाऊन घेऊ.”

त्या दिवशी ती जशी गायली तशी पुन्हा मी कुणाला ऐकलं नाही. लोकांना मात्र काही कळलं नाही. पहिल्या रांगेतला एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाला, “एकमेकींचं ऐकत नाहीत बहुतेक.” ते मला स्टेजवर ऐकू आलं. टाळ्या पडल्या, त्या घरच्यांच्या.

आम्ही उतरणार तोच निवेदक माईकवर आला. “या मंडळात आमच्या एक मुस्लिम भगिनीही आहेत! त्यांचा खास सत्कार अध्यक्षांच्या हस्ते!” तिला एकटीला पुढे बोलावलं. नारळ, गुलाबाचं फूल, फोटो. टाळ्यांचा कडकडाट झाला. आमच्या गाण्याला पडल्या नव्हत्या इतक्या. ती फुलाकडे बघत उभी होती. मागे ते देवीचं नाव आणि पुढे ती, असाच फोटो आला स्थानिक पेपरात.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सगळ्यांनी एकमुखाने निदान केलं, “घरच्यांनी बंद केलं असणार. त्यांच्यात चालत नाही ना.” मी तिच्या घरी गेले तर तिच्या सासूबाईच मला विचारू लागल्या, “काय झाला बाई? हिनं गाना का सोरलान? घरात किती बरा वाटायचा.”

मैत्रीण म्हणाली, “मला कंटाळा आला.”

“खोटं बोलतेस.”

“बरं, खोटं बोलते. चहा घेणार?”

मी तिच्यावर चिडले. अजूनही चिडलेली आहे. तिने भांडायला हवं होतं. मी सगळ्यांशी भांडत होते, अध्यक्षांशी, गटातल्या बायकांशी, घरी नवऱ्याशी, आणि जिच्यासाठी भांडत होते ती चहा गाळत होती. हे मी तिला तेव्हा बोलूनही दाखवलं. तिने कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “तुम्ही नावासाठी भांडताय. ते ठीक आहे. माझ्यासाठी म्हणून नका सांगू.”

शनिवारी मी विषय काढला, की फलक फाडून टाकू आणि आपलं नाव लावू. बँकेतली म्हणाली, “पेपरात हेच नाव आलंय. नवरात्राची तीन आमंत्रणं आलीत. आता बदललं तर कोण ओळखणार? नाव काहीही असू दे, गायला तर मिळतंय ना!” राहनाळच्या बाईने माझी बाजू घेतली, पण एकटीनेच. मतं मोजण्याचीही वेळ आली नाही.

देवीच्या नावाच्या मंडळाकडे लोक नळाच्या पाण्याची गाणी कशाला मागतील? आरत्या आल्या, भजनं आली. खालचा आवाज गेलाच होता, मग मधलाही वरच्यात मिसळला. मी तीन आवाज लावायचा हट्ट धरला की बायका नम्रपणे ऐकून घेत आणि कार्यक्रमात एकच चाल धरत. एका दिवाळीनंतर मला समजावण्यात आलं, “बाई, तुम्ही दमता. आम्ही बघून घेऊ.” राहनाळची त्याआधीच सुटली होती. तिच्या शेतात गोदामं उभी राहत होती आणि तिला शनिवार उरला नव्हता. मंडळ पुढे बरीच वर्षं चाललं. एकसारख्या साड्या घेतल्या त्यांनी.

मग ब्याण्णव-त्र्याण्णवचा हिवाळा आला. मुंबई पेटली आणि भिवंडी शांत राहिली. सगळ्या देशाला आमचं कौतुक वाटलं. मोहल्ला कमिट्या, पोलीस, वर्तमानपत्रवाले, सभा. एके दिवशी अध्यक्ष स्वतः माझ्या घरी आले. आता ते कसल्याशा शांतता समितीवरही होते.

“बाई, तुमचा तो जुना गट पुन्हा उभा करा. मोठा कार्यक्रम आहे, मंत्री येणार आहेत. तुमच्या त्या मैत्रीण हव्यातच.” मग जरा पुढे वाकून म्हणाले, “आणि ते खाडी नाव होतं ना, ते अगदी योग्य आहे. दोन पाण्यांचा संगम. मीच सुचवलंय समितीत.”

मी त्यांना हाकलून द्यायला हवं होतं, पण दिलं नाही. त्या क्षणी माझ्या मनात फक्त एवढंच आलं, की तीन आवाज पुन्हा ऐकायला मिळतील. मी त्याच संध्याकाळी तिच्याकडे गेले. धामणकर नाक्यावर नेहमीसारखी गाड्यांची कोंडी होती, म्हणून रिक्षा सोडून चालत निघाले आणि वाटेत चालीसुद्धा मनात लावत होते.

तिने सगळं ऐकून घेतलं. विचारलं, “सत्कारपण आहे का?”

“नसेल. मी सांगेन त्यांना तसं.”

“फलक कुठला लावतील ते बघायला मी परत येऊ? तेव्हा ते नाव माझं होतं म्हणून नको होतं. आता तेवढ्यासाठीच हवंय. मधे मी कुठे आहे, बाई?”

“पण आपण गाऊ तर शकतो ना! नाव त्यांचं काहीही असू दे.”

हेच वाक्य गटातल्या बायकांनी मला ऐकवलं होतं आणि त्यावरून मी त्यांच्याशी वर्षभर भांडले होते. तिने ते बोलून दाखवलं नाही. म्हणाली, “तुम्ही गा. मी रागावणार नाही.”

तिच्याशिवाय गाता येत नाही, हे तिला ठाऊक होतं.

अध्यक्षांना मी नाही म्हणून कळवलं. ते दुखावले. “तुमच्यासारख्या शिकलेल्या बायकाच अशा मागे हटल्या, तर एकोपा व्हायचा कसा?” कार्यक्रमाला त्यांनी कॉलेजची मुलं आणली. देशभक्तीची गाणी, सगळी एका पट्टीत, वर नावाचा रंगीत फलक. नाव ‘खाडी’च. मी नाही म्हटल्यावरही त्यांना ते सोडवलं नव्हतं. शाळेच्या मुलींना घेऊन मला तिथे बसावंच लागलं, कारण तसा वरून आदेश होता. माझ्या विद्यार्थिनीने विचारलं, “बाई, याला खाडी का म्हणतात?”

“समितीला विचार,” मी म्हटलं.

मैत्रीण निवृत्त होईपर्यंत त्याच शाळेत होती. रस्त्यात दिसलो की आम्ही थांबायचो, मुलांच्या परीक्षा, गुडघे, सासूबाईंची तब्येत असं बोलायचो. गाण्याचं एकदाही निघालं नाही. मी दुसरा गट काढला नाही. लोक सांगतात, बाईंनी फार ताणलं, एवढ्याशा नावासाठी. मी त्यांना काही समजावत नाही. ज्यांनी ते नाव एकदा पुसलं आणि पुढे स्वतःच रंगवून लावलं, त्यांना कुणीच विचारलं नाही की का. माझ्याकडे उत्तर आहे, पण मलाही कुणी विचारलं नाही.