नमुना खराब नव्हता

परवा जेवताना सून मुलाला म्हणाली, "बाबांकडून शिक जरा. पंचवीस वर्षं स्वतःचे कपडे स्वतः धुतायत." बायको कौतुकाने हसली. मी हातातला घास ताटात परत ठेवला.

माझी नोकरी प्रयोगशाळेतली. शहराबाहेरच्या गुलाबांच्या पॉलिहाऊसमध्ये कीटकनाशक फवारणाऱ्या मजुरांचं रक्त आणि लघवी आम्ही तपासायचो. हे औषध अंगात गेलं की रक्तातलं एक एन्झाइम कमी होतं, आणि औषधाचे अंश लघवीत उतरतात. फवारणी चालू असताना मी दिवसभर तिथेच उभा असायचो. तुलनेसाठी मात्र औषधाशी काही संबंध नसलेली माणसं लागायची. एकदा ती कमी पडली, तेव्हा मी बायकोला म्हणालो, "तुझं रक्त दे."

"माझ्यात काय सापडणार?"

"काही नाही. म्हणूनच तर पाहिजे."

सापडलं. तिचं एन्झाइम जवळजवळ मजुरांइतकं खाली होतं. लघवीतही अंश होते. मी पुन्हा तपासलं, आकडा तोच. मग लक्षात आलं. माझे कामाचे कपडे ती रोज मोरीत बसून हाताने धुवायची.

त्या दिवसांत तिचं डोकं फार दुखायचं. मी म्हणायचो, चष्मा लागला असेल. दुखणं औषधामुळेच होतं असं मी आजही खात्रीने सांगू शकत नाही. पण मी ते शोधलंही नाही. वहीत तिच्या आकड्यावर रेघ मारली आणि शेरा लिहिला, 'नमुना खराब'. तिच्या जागी ऑफिसातल्या कारकुनाचं रक्त घेतलं. अहवाल वेळेत गेला.

त्याच संध्याकाळी मी एक निळी बादली आणली आणि माझे कपडे वेगळे भिजवले. बायको दारात उभी राहून बघत होती. "अहो, आज काय झालंय तुम्हाला?" मी म्हणालो, "तुझे हात दुखतात ना." हळदीकुंकवाला ती हे शेजारणींना सांगायची. पुढे वारज्याला राहायला आलो, वॉशिंग मशीन आलं, तरी ती बादली तिने टाकू दिली नाही.

परवा जेवणं झाल्यावर मी तिला गॅलरीत बसवून सगळं सांगितलं.

गॅलरीच्या कोपऱ्यातली ती निळी बादली तिने पुढे ओढली. मग म्हणाली, "म्हणजे मला नापास केलंत. तेही न सांगता."

"हो," मी म्हणालो.

"माझं तुमचे कपडे धुणं तरी थांबलं. त्या फवारणीवाल्यांच्या बायकांचं काय?"

हा प्रश्न मी पंचवीस वर्षं टाळला होता. हिंजवडीकडच्या एका मजुराची बायको रोज दुपारी डबा घेऊन यायची आणि जाताना त्याचे आदल्या दिवशीचे कपडे गाठोड्यात बांधून न्यायची. मला बघून हसायची. कपडे वेगळे धुवा, हातमोजे घाला, एवढंच सांगायचं होतं. पण सांगितलं असतं, तर ते कशावरून कळलं, हेही सांगावं लागलं असतं. त्या बाईबद्दलही मी बायकोला सांगितलं.

"आता त्यांचं रक्त तपासलं तर कळेल?" तिने विचारलं.

"नाही. लघवीतून काही दिवसांत जातं. रक्तातलं एन्झाइमही काही महिन्यांत भरून येतं. मागे काहीच राहत नाही. तेव्हाची तुझी एक नोंद होती, तीच मी खोडली."

तिने माझा हात हातात घेतला. रागावली असेल असं वाटलं होतं, आणि रागावली होतीही, कारण हात जरा जोरातच दाबला.

"मग आता लिहा," ती म्हणाली. "आणि त्या डबा आणणाऱ्या बाईचं घर आठवतंय ना? लिहून झालं की जाऊ. मी येते बरोबर."

म्हणून हे लिहितो आहे. तो नमुना माझ्या बायकोचा होता. मी तो दोनदा तपासला होता. तो खराब नव्हता.

ती आत साडी काढून ठेवते आहे. मधूनच विचारते, तिथे गेल्यावर आधी कोण बोलणार. मी, असं मी सांगितलं आहे.