टोपलीत न टाकलेली वचनं

तुमच्या पाकिटात या वर्षीही प्रत्येकी एक कार्ड आहे, माझ्याच अक्षरातलं. फक्त यंदा ते मी निवडलेलं नाही. डोळे मिटून टोपलीत हात घातला आणि जे आलं ते पाकिटात टाकलं. तुमची आजी डोळे मिटून काही करते यावर तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून काय झालं ते सांगते.

इथल्या चर्चमध्ये नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेला प्रत्येक जण टोपलीतून न बघता बायबलमधल्या वचनाचं एक कार्ड उचलतो. ते त्याचं त्या वर्षाचं वचन. लोक ते फ्रिजवर लावतात, पर्समध्ये ठेवतात, एकांच्या स्कूटरच्या डिकीतही मी पाहिलंय. छापील कार्डं तमिळ आणि इंग्रजीत मिळतात. आमची मराठी मंडळी म्हणजे जेमतेम बारा कुटुंबं, बहुतेक रेल्वे आणि बँकेतून निवृत्त झालेली. आमच्यासाठी कोण छापणार? म्हणून दर डिसेंबरात मी स्टीलची पट्टी घेऊन बसते, जाड कागदाची एका मापाची साठ कार्डं कापते आणि वचनं हातानं लिहिते.

कोणती लिहायची तेही मीच ठरवते. एका वर्षी आमच्यातल्या एका बाईंना आजार बरे होण्याचं वचन आलं. त्यांनी ते नवऱ्याच्या उशाशी लावलं, आणि मार्चमध्ये ते गेले. ते कार्ड माझ्या अक्षरातलं होतं. त्यानंतर मी वचनं निवडू लागले, तांदूळ निवडावेत तशी. आंधळे पाहतील, हे बाहेर. लंगडे हरणासारखे उड्या मारतील, बाहेर. मरण उरणार नाही, तेही बाहेर. टोपलीत राहिलं धीर, शांती, रोजची सोबत. कुणाची निराशा होणार नाही असं सगळं. कुणाच्या लक्षात आलं नाही, असा माझा समज होता.

ऑगस्टमध्ये आजोबांना अर्धांगाचा झटका आला हे तुम्हाला माहीत आहे. बोलणं वाचलं, जरा जास्तच वाचलं, पण उजवा पाय ऐकेना. डिसेंबरात मी कार्डं कापत होते आणि ते समोर वॉकर धरून बसले होते. हरणाचं लिहिलंस का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जागा नाही. साठ कार्डांत एका हरणाला जागा नाही, म्हणाले. मग कात्री माझ्या हातातून काढून घेतली.

"नऊ वर्षं बघतोय मी. जे आधीच मिळालंय, तू फक्त त्याचीच वचनं वाटतेस."

"अहो, पण नाही झालं तर?"

"तर अजून नाही झालं."

ते जन्मभर रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते, त्यामुळे देवाचं राज्यही त्यांच्याकडे रुळांवरूनच येतं. त्यांचं म्हणणं असं, की येशू मरणातून उठला तेव्हाच लाइन क्लिअर मिळाली, म्हणजे गाडीला रस्ता मोकळा झाला, आणि ती येण्याचा सिग्नल पडला. आता फलाट रिकामा दिसतोय म्हणून गाडी रद्द झाली असं कुणी म्हणत नाही. आणि सिग्नल पडला म्हणजे आपण डब्यात बसलोच, असंही कुणी समजत नाही. मग त्या बाईंच्या नवऱ्याचं काय, मी विचारलं. त्यांनी कात्री माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, त्यांनाही त्याच गाडीनं जायचंय. ते फलाटावर माझ्याआधी पोचले, एवढंच.

मी धीराची आठ कार्डं काढली आणि बाहेर ठेवलेली आठ वचनं लिहिली. हरणाचं लिहिताना अक्षर वाकडं आलं. पुन्हा लिहिलं नाही.

एक तारखेला सकाळी दहाला आम्ही चर्चमागच्या हॉलमध्ये जमलो. तमिळ मंडळींची उपासना मध्यरात्रीच होते, पण आमची वयं पाहता आम्ही आधी झोप घेतो. टोपली फिरली. खरं सांगते, आजोबांपाशी येताना हरिण वर ठेवावं असं मनात आलं होतं. ठेवलं नाही. त्यांनी डाव्या हातानं कार्ड उचललं. धीर. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी टोपली घेऊन पुढे सरकले.

हरिण गेलं त्यांच्या धाकट्या बहिणीकडे. वन्सं चौऱ्याहत्तरच्या आहेत, वेस्ट मांबलमहून दोन ठिकाणी गाडी बदलून येतात आणि आमच्याकडे लिफ्ट सोडून जिन्यानं चढतात. त्यांनी कार्ड मोठ्यानं वाचलं. "दादा, तुझं पत्र माझ्या पत्त्यावर आलंय रे. घे, बदलू."

कार्ड बदलायचं नाही हा नियम माझाच. त्या दिवशी मी तो आनंदानं मोडला असता. पण आजोबांनी मान हलवली.

"राहू दे. घरात आलंय ना? तू उड्या मार, मी बघतो."

धीराचं कार्ड मात्र योग्य माणसाला मिळालं, वन्सं म्हणाल्या, लहानपणापासून तो नाहीच याच्याकडे.

कॉफी आणि केसरीचं, म्हणजे इथल्या शिऱ्याचं, टेबल हॉलच्या दुसऱ्या टोकाला होतं. आजोबा वन्संच्या खांद्याला धरून निघाले आणि टेबलाजवळ येताना त्यांनी खांदा सोडला. तीन पावलं. हरणाची उडी सोडाच, बदकालाही ती चाल आवडली नसती. पण कुणीही धरलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट त्यांना तमिळमध्ये खूप रागावला.

त्या बाईही आल्या होत्या. कॉफीचा पेला देताना मी त्यांची माफी मागितली, त्या जुन्या कार्डाबद्दल. त्यांना आधी कळेचना मी कशाबद्दल बोलतेय. मग म्हणाल्या, "ते आहे ना माझ्याकडे. त्यातलं यायचंय अजून, म्हणून ठेवलंय."

तेव्हा, पाकीट उघडलंत की फोनवर वाचून दाखवा. अक्षर लागलं नाही तर आईला विचारा. फार मोठं काही आलं असेल तर घाबरू नका, नीट ठेवून द्या. आजोबांचं हरिण अजून वेस्ट मांबलमलाच आहे. आज ते स्वतःच्या पायांनी स्वयंपाकघरापर्यंत आले, अकरा पावलं, आणि कॉफीत साखर कमी आहे म्हणाले.