काचेसारखं पाणी

"बघा ताई, पानी कसं काचेवानी हाय!" असं म्हणत काका बाटली खिडकीच्या उजेडात धरायचे. वर्तकनगरच्या आमच्या पाणी तपासायच्या लॅबमध्ये लोक रांगेत बसलेले, आणि हे गृहस्थ माजिवड्याच्या ट्रॅफिकला शिव्या घालत थेट माझ्या टेबलाशी! "अहो, नायट्रेट डोळ्यांना दिसत नाही," मी सांगायचे. ऐकतील तर शपथ.

कल्याणच्या पलीकडे त्यांचा पालक-मेथीचा मळा. तोडणीच्या तोंडावर युरियाची मूठ सढळ सोडायची आणि वर भरपूर पाणी, ही तिथल्या सगळ्यांचीच रीत. पानं गर्द हिरवी दिसली नाहीत तर व्यापारी जुडीला हात लावत नाही. उरलेलं खत नायट्रेट होऊन पाण्याबरोबर मुरत त्यांच्याच विहिरीत उतरत होतं.

नात तान्ही होती. सून आजारी पडली तेव्हा पोरीचं पावडरचं दूध काकाच कालवायचे, त्याच विहिरीच्या पाण्यात. एक दिवस पोरीचे ओठ निळे पडले. वाचली हो, पण डॉक्टरांनी पाण्याकडे बोट दाखवलं.

"पन मी तर चांगलं आटेपर्यंत उकळायचो, ताई."

उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं. हे त्यांना मलाच सांगावं लागलं.

सून लेकीला घेऊन डोंबिवलीला माहेरी गेली. विहीर चांगली झाली की येते म्हणाली. तिचं तरी काय चुकलं, तुम्हीच सांगा.

मग काकांनी काय नाही केलं! युरिया थोडा थोडा, पाणी बेताचं, खत अडवायला विहिरीभोवती गवताचा पट्टा. व्यापारी नाक मुरडायचा. "नात येऊ दे, मग त्याला बघतो," म्हणायचे. पण जमिनीत जुनं मुरलेलं, आणि वरच्या मळ्यांतून नवं येतच होतं. शेजाऱ्यांच्या हातापाया पडले. ते म्हणाले, "काका, मग आमचा पालक कोन घेनार?" रिपोर्टातला आकडा जरा उतरायचा, पुन्हा चढायचा. असा संताप यायचा मला! काढणार कुणावर?

शेवटचे आले तेव्हा रिपोर्ट ऐकून त्यांनी त्या कागदाची नीट घडी घातली. मग हळूच म्हणाले, "एकदा नुसतं चांगलं लिवून द्या ना. सुनेला दाखवतो. पोरीला विकतचंच पानी पाजीन, आईशप्पथ."

"नाही हो काका. नाही लिहिता येत."

त्यांनी रिपोर्ट खिशात घातला. पिशवीतून पालकाची जुडी काढून टेबलावर ठेवली. "कमी खताचा हाय. तुमच्या पोरांना घाला," म्हणाले आणि कठडा धरत जिना उतरले.

ती भाजी माझ्या पोरांनी मागून मागून खाल्ली. काका पुन्हा आले नाहीत.