बारावे काम

सतरा नोव्हेंबर. मृत एक. कोसळलेल्या लिफ्टखाली सापडलेला तो मेकॅनिक सोबत्याची पाळी करत होता. सोबत्याला त्या दिवशी नुसता कंटाळा आला होता. चौकशीत कोणी या सोबत्याला बोल लावला नाही. पण त्याने माणसे तोडली, लिफ्ट सोडून जिना धरला.

वर्षभराने समुपदेशक बाईंनी बारा आठवड्यांचा आराखडा आखून दिला : रोज भीतीला दहापैकी गुण द्यायचे, आठवड्याला टाळलेले एक काम करायचे. पहिल्या आठवड्यात त्याने कामाच्या सवयीने सातही रकान्यांत ‘ठीक’ लिहून सही ठोकली.

बाई हसल्या. “दादा, ही लिफ्टची तपासणी नाही, तुमची आहे.”

“मॅडम, बिघाड लिहिला की मशीन बंद ठेवावं लागतं.”

“ते वर्षभर बंदच आहे की!”

त्याने मान खाली घालून दहा लिहिले. नवव्या आठवड्यात तो लिफ्टने चौथ्या मजल्यावर गेला. झोप परतली. बारावे काम त्याने स्वतःच ठरवले होते : मृताच्या पत्नीला, ज्यांना तो वहिनी म्हणे त्यांना, पाळी कोणाची होती ते सांगायचे. तो दारापर्यंत गेला, आतला कुकर ऐकत उभा राहिला आणि परतला.

आराखडा संपला. वहिनींना द्यायची कबुली अजून बाकी आहे.