हॅलोमामाचे दोन फोन

माझा मामा एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होता. फोन उचलला की तो "हॅलो" हा शब्द असा काही सावकाश म्हणायचा की पलीकडच्या घाबरलेल्या माणसाला कुणी पाणी पुढे केल्यासारखं वाटायचं. इस्पितळात सगळे त्याला हॅलो म्हणूनच हाक मारायचे आणि आमच्या घरात तो हॅलोमामा झाला.

चाळिशी उलटता उलटता त्याचे डोळे गेले. एकदम नाही. आधी बाजूचं दिसेनासं झालं, दारांच्या चौकटी खांद्याला लागायला लागल्या. मग समोरचंही नळीतून पाहिल्यासारखं उरलं आणि शेवटी उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. नोकरी टिकली, कारण स्विचबोर्डची बटणं त्याच्या बोटांना पाठ होती. खिशातला बटणांचा साधा फोनही तसाच पाठ होता. तो बिघडला आणि दुकानात तसला मिळेना, तेव्हा मात्र मामाचं धाबं दणाणलं.

"ही तर नुसती काच आहे," नवा फोन चाचपत तो म्हणाला. "हिच्यावर बोट ठेवू कुठे? ताटलीवर नंबर फिरवल्यासारखं होणार हे."

तो फोन मामीने आणला होता. मामी कपड्यांच्या दुकानात आल्टरेशनचं काम करायची. पँटची उंची कमी कर, झिप बदल, बाही आत घे, असं दिवसभर. फोन निवडताना तिने फारसा विचार केला नव्हता. तिच्याकडे अँड्रॉइड होता, म्हणून मामासाठीही तोच, त्याच आकाराचा. "मला येईल ते यांना सांगता येईल," एवढंच कारण तिने माझ्या आईला दिलं.

पण तिलाही काही येत नव्हतं. दिसत नसलेल्या माणसासाठी फोनमध्ये बोलून दाखवायची सोय असते, हे तिला दुकानदाराकडून कळलं. ती सोय चालू केली की बोट ठेवाल तिथे काय आहे ते फोन मोठ्याने वाचतो, आणि उघडायला दोनदा टिचकी मारावी लागते. मामीने आपल्याही फोनवर ती चालू केली, अस्तराच्या कापडाची एक पट्टी डोळ्यांवर बांधली आणि मामाच्या समोर जेवणाच्या टेबलाशी बसली.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि संध्याकाळी बऱ्याचदा त्यांच्याकडे असायचे. दोघं समोरासमोर, दोघांचे फोन एकाच वेळी बडबडताहेत, आणि कुणाचा काय बोलतोय हे दोघांनाही कळत नाहीये. एकदा मामाने चुकून इस्पितळाच्या डीनना फोन लावला आणि ते "हॅलो" म्हणाल्यावर सवयीने विचारलं, "कुणाशी जोडून देऊ?" मामी टेबलावर डोकं टेकवून हसली होती.

फोनमधल्या बाईच्या आवाजाला मामीने सवत असं नाव ठेवलं होतं. "काय म्हणतेय माझी सवत?" ती विचारायची.

"बॅटरी संपत आली म्हणतेय."

"माझ्यापेक्षा जास्त बोलते. आणि तिचं बरं ऐकता!"

बोट खाली ओढून मग डावीकडे वळवलं की मागच्या पानावर जाता येतं. ही खूण मामाला काही केल्या जमेना. शेवटी मामीने त्याचा हात धरला. "अहो, खिशाची शिवण घालतात ना, तसं. सरळ खाली या. कोपऱ्यावर सुई थांबवा. आता वळा." तशी ती खूण जमली. पुढे प्रत्येक खुणेला तिने शिवणकामातलं एकेक नाव दिलं. काज, टाचण, दुमड. असं दोघांनी मिळून काही वर्षांत तो फोन काबीज केला. मामा निरोप पाठवायला लागला, बातम्या ऐकायला लागला. अडला की मामीला हाक मारायचा आणि मामी हातातलं टाकून यायची.

मग इस्पितळात एक नवीन फिजिओथेरपिस्ट आल्या. त्या जन्मापासून अंध होत्या. दुपारच्या चहाला त्यांनी मामाच्या हातात आपला आयफोन दिला. त्यात काचेवर दोन बोटं टेकवून रेडिओची कळ पिळल्यासारखी फिरवायची, की फोन हवं तसं वाचायचा. एकेक अक्षर, एकेक ओळ किंवा नुसते मथळे. आयुष्यभर कळा आणि बटणं हाताळलेल्या माणसाला ते असं काही भावलं की त्या दिवशी घरी आल्यावर त्याने बूट काढायच्या आधी तेच सांगायला सुरुवात केली.

"अगं, कळ आहे त्यात! नसलेली कळ, पण हाताला लागते."

पुढच्याच महिन्यात त्याने आयफोन घेतला, आणि त्याच्यासाठी तो खरोखरच चांगला होता. महिनाभरात मामा वाऱ्यासारखा चालवायला लागला. वाचणाऱ्या आवाजाचा वेग त्याने इतका वाढवला की आम्हाला नुसत्या लाह्या फुटल्यासारखं ऐकू यायचं. मग तेही बंद झालं, कारण त्याने कानात इअरफोन घातला.

सुरुवातीला मामी जवळ जाऊन बसायची. एकदा तो कुठेतरी अडला, तेव्हा तिने सवयीने त्याचं बोट धरून कोपऱ्यावर वळवलं. फोन भलतंच काहीतरी बोलला.

"इथे तसं नसतं," मामा म्हणाला. "राहू दे तू. मी बघतो."

तो रागाने म्हणाला नव्हता. उलट आता बायकोला त्रास द्यावा लागत नाही, याचा त्याला आनंदच होता. मामी उठली आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला शिवण घेऊन बसली.

नव्या गोष्टीवर भाळलेला माणूस गप्प बसत नाही. मामा तर दिवसभर बोलण्याचाच पगार घेणारा. कुणीही भेटो, अगदी लिफ्टमध्ये, तो फोनवर घसरायचा. माझ्या बाबांशी त्याची खास जुगलबंदी चालायची. बाबा अँड्रॉइडवाले. "ज्याच्या घरी जावं त्याच्याकडे चार्जर मिळतो, मला आणखी काय हवंय?" हे त्यांचं म्हणणं. मामा म्हणायचा, "दाजी, तुम्ही फोन नाही, चार्जर वापरता."

एका रविवारी मामा-मामी आमच्याकडे जेवायला आले होते. बाबांचा फोन बंद पडला होता आणि आता कोणता घ्यावा, यावर नेहमीची गंमत सुरू झाली. मामी माझ्या कोटाचं सुटलेलं बटण लावत होती. मामा रंगात आला होता. बोलता बोलता म्हणाला, "दाजी, माझं ऐका. त्या डबड्यावर मी इतकी वर्षं फुकट घालवली. तेव्हाच हा घेतला असता तर कुठल्या कुठे गेलो असतो."

सगळे हसले. मामीने दोरा दातांनी तोडला, कोट घडी करून माझ्या मांडीवर ठेवला आणि कप उचलून आत गेली. मी मागोमाग गेले. ती नळ सोडून उभी होती, कप मात्र अजून हातातच.

"मामी, तो चेष्टा करत होता गं."

"मला ठाऊक आहे. फोन कोणता चांगला नि कोणता वाईट, त्याचं मला काय?" ती म्हणाली. "फुकट गेली म्हणाले ना ती वर्षं. मला वाटत होतं, आमची त्यात मजा चालली होती." मग कप विसळत तिने मला बजावलं, "त्यांना सांगू बिंगू नकोस. मुद्दाम नाही बोलले ते."

त्यानंतर घरात भांडण झालं नाही की अबोला धरला गेला नाही. जेवायला हाक, औषधाची आठवण, सगळं वेळच्या वेळी. फक्त मामीची बडबड कमी झाली. मामाच्या कानात इअरफोन असायचा, त्यामुळे त्याला ते कळलंही नाही.

अशातच वस्तीतल्या वाचनालयात नव्याने दृष्टी गेलेल्या माणसांसाठी फोन शिकवायचा वर्ग काढायचं ठरलं. बोलावणं अर्थात मामाला आलं. तो एकदाच गेला. तिथे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड. मामाने पहिला तासभर त्यांचे फोन कसे चुकीचे आहेत, हेच सांगितलं. एक आजी म्हणाल्या, "अहो, घरात सगळ्यांकडे हाच आहे. अडलं तर नातवाला विचारता येतं." मामा घरी येऊन म्हणाला, "त्यांना काय शिकवणार? आधी फोन तरी बदला म्हणावं."

पुढच्या आठवड्यात मामी गेली. आधी तिने मामाला विचारलं होतं, "चला ना, दोघं जाऊ. तुम्ही बोला, मी हात धरीन." तो नको म्हणाला. ती एकटीच गेली आणि मग जातच राहिली.

दोनेक वर्षं गेली. बायको कुठेतरी शिकवायला जाते, यापलीकडे मामाने चौकशी केली नाही. एक दिवस स्विचबोर्डवर नेत्रविभागासाठी फोन आला. विभागाची लाइन लागत नव्हती. तेवढ्यात पलीकडचा माणूस गप्पा मारायला लागला. त्याच्या आईची दृष्टी गेली होती, पण आता ती स्वतः फोन लावत होती. "वाचनालयात एक बाई शिकवतात. टाचण काय, काज काय, कसली कसली नावं दिलीत त्यांनी! इतक्या हसतात, इतकं हसवतात की आई आठवडाभर त्या दिवसाची वाट बघते."

मामाने त्या माणसाला नेत्रविभागाऐवजी इस्पितळाच्या स्वयंपाकघराची लाइन जोडून दिली. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच झालं, असं त्याने मला नंतर सांगितलं. "ती घरी शेवटची कधी हसली, ते आठवत बसलो होतो मी," तो म्हणाला. "आठवेना."

पुढच्या वर्गाच्या दिवशी तो काठी टेकत वाचनालयात गेला आणि दाराबाहेरच उभा राहिला. आतून मामीचा आवाज येत होता, ती कुणालातरी कोपरा वळवायला शिकवत होती. हशा चालला होता. मग एका बाईने विचारलं, "तुम्हाला तर दिसतं. मग हे सगळं कसं शिकलात हो?"

"आमच्या घरी एक विद्यार्थी होता," मामी म्हणाली. "फार हळू शिकायचा. बरं होतं."

मामा आत न जाता घरी परतला.

दुसऱ्या दिवशी तो बाबांना घेऊन दुकानात गेला आणि एक साधा अँड्रॉइड घेऊन आला. संध्याकाळी टेबलाशी बसून त्याने मामीला हाक मारली. "मला परत शिकव. मी सगळं विसरलोय."

"अहो, तुमचं छान चाललंय की त्या फोनवर."

"चाललंय. तरी शिकव."

मामी बसली. हात धरला, खुणा दाखवल्या. चार-पाच संध्याकाळी असं चाललं. एकदा मीही तिथे होते. मामा पुन्हा पुन्हा त्याच कोपऱ्यावर चुकत होता आणि मामी पुन्हा पुन्हा त्याचं बोट वळवत होती. मग ती थांबली.

"तुम्हाला येतंय," ती म्हणाली. "मुद्दाम चुकताय."

मामाने बोट काचेवरून उचललं. त्याचे कान लाल झाले होते.

"नका करू असं. तेव्हा आपल्या दोघांनाही येत नव्हतं." तिने त्याचा हात टेबलावर ठेवला, अगदी हळू, वर दोनदा थोपटला. "आणि वर्गावरून आले की मी दमते हो."

मामा त्या दिवशी तिला सांगणार होता, तू शिकवलंस म्हणून मी फोन धरू शकलो, ती वर्षं फुकट गेली नाहीत. वाक्य तयार होतं त्याचं, हे त्याने मला पुढे कधीतरी सांगितलं. पण ती उठून गेली आणि नंतर म्हणायला निमित्त मिळालं नाही. मी म्हटलं, निमित्त कशाला हवं, आत्ता जाऊन सांग. तो म्हणाला, "सांगितलं तर ती म्हणेल, असू दे. मग पुढे काय बोलू?"

एक मात्र झालं. कोणता फोन घ्यावा, असं कुणी विचारलं की मामा आता विचारतो, "घरात जवळ बसून शिकवणारं कोण आहे? त्यांच्याकडे कोणता आहे?" लोकांना वाटतं, हॅलो आता म्हातारा झाला, पूर्वीसारखा तावातावाने बोलत नाही.

गेल्या वर्षी तो निवृत्त झाला. वर्गाच्या दिवशी तो मामीबरोबर वाचनालयापर्यंत चालत जातो, तिच्या कोपराला धरून. ती आत जाते आणि तो व्हरांड्यातल्या बाकावर बसतो. परवा मी तिकडून जात होते, म्हणून त्याच्याशेजारी टेकले.

"मघाशी एक नवा माणूस आला होता," मामा म्हणाला. "काठी वाजली म्हणून त्याला वाटलं, मीही विद्यार्थीच. विचारलं, तुम्ही आत नाही का येत?"

"मग?"

"म्हटलं, यायचं होतं, पण बॅच भरली." तो आपल्याच विनोदावर हसला. मग मान दाराकडे वळवून त्याने विचारलं, "सुटला का गं वर्ग?"

आतून पुष्कळ माणसांचं हसणं ऐकू आलं.

"अजून नाही," मी म्हटलं.