होलिन लोहार कुठे गेला

आकांक्षा अकोल्याला एका वकिलाच्या ऑफिसात मराठी टायपिंग करते. राहायला मूर्तिजापूर. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने परतायचं. दिवसभर बांधावरची भांडणं, वारसांचे अर्ज, फारकतीची प्रतिज्ञापत्रं. बोटं इतकी सरावलीत की मजकूर डोक्यात न शिरता कागदावर उतरतो. तिच्या टायपिंगमध्ये चूक सापडली तर चहा माझ्याकडून, असं वकीलसाहेब अशिलांना सांगतात. तो चहा अजून कोणी प्यायलेला नाही.

पण दोनेक हजार माणसं तिला वेगळ्याच कामासाठी ओळखत होती. ‘ऑर्वेन’ नावाचा एक परदेशी कंपनीचा कॉम्प्युटर गेम आहे. राजे, राक्षस, मंतरलेली जंगलं, आणि त्यातून पाठीवर झोळी टाकून हिंडणारे आपण. तिचा भाऊ शिवम कॉलेजात असताना तो खेळायचा आणि इंग्रजीपाशी अडला की ओरडायचा, “ताई, हा काय म्हणून राहिला पाय ना!” ताई येऊन सांगायची. एकदा तिच्या लक्षात आलं की गेममधली सगळी वाक्यं एका साध्या फाइलमध्ये आहेत. उघडता येतात, बदलता येतात. तिने गंमत म्हणून पहिलं गाव मराठीत केलं. शिवमला पुण्यात नोकरी लागली, तो गेम विसरला. ती मात्र थांबली नाही. साडेतीन वर्षांत तिने अख्खा गेम मराठीत आणला.

दरबारातली माणसं तिने पुस्तकी मराठीत बोलती केली, गावातली वऱ्हाडीत. त्यातला होलिन लोहार सगळ्यांच्या तोंडी बसला. मूळ गेममध्ये तो नुसतं “काय हवं?” असं विचारायचा. आकांक्षाच्या गेममध्ये तो म्हणायचा, “ये बाप्पा, बस. तलवारीचं मंग पाहू, पयले पानी पी.” परतवाड्यापासून बुलढाण्यापर्यंतची पोरं एकमेकांना फोनवर हेच म्हणू लागली. तिने एक ग्रुप काढला होता, त्यावर सगळे तिला ताई म्हणायचे.

मग, पहिल्या भागानंतर आठ वर्षांनी, ‘ऑर्वेन’चा दुसरा भाग आला.

ग्रुपचं महिनाभर आधीपासून लग्नघर झालं होतं. कोणी नवं ग्राफिक कार्ड घेतलं, कोणी सुट्ट्या टाकल्या. आकांक्षानेही पहिल्या दिवशी घेतला. दोन तास खेळल्यावर तिला कळलं, आणि चार दिवसांत सगळ्यांनाच कळलं. नेट गेलं की गेम बंद. पूर्वी वाट स्वतः शोधावी लागायची, आता जमिनीवर पिवळी रेघ उमटते, तिच्यामागून बैलासारखं चालायचं. गावकऱ्यांना दोन दोन वाक्यं दिलेली, तीच ती. जुन्या झोळीतलं काहीही पुढे आणता येत नाही. आणि मुख्य म्हणजे गेममधली वाक्यं कंपनीने कुलपात घातलेली. फाइल उघडत नाही. जबरदस्तीने उघडली तर गेम चालत नाही.

तिने कंपनीला पत्र लिहिलं. तीन मिनिटांत उत्तर आलं: तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. ते माणसाने लिहिलेलं नव्हतं.

ग्रुपवरची माणसं कंपनीला शिव्या देऊन दमली आणि तिच्याकडे वळली. ताई, मराठी कधी येणार? ताई, तुम्ही मनावर घ्या ना. ताई, निदान गावं तरी करा. मग सूर बदलला. एकाने लिहिलं, आता मोठी झाली, भाव खाते. अकोल्याच्या धम्मदीप नावाच्या मुलाने, ज्याला तिने पूर्वी रात्र रात्र गेम बसवायला मदत केली होती, भलामोठा मजकूर टाकला, की ताईला जमत नसेल तर तसं सांगावं, लोकांना टांगून ठेवू नये. तिने तो गाडीत वाचला. दोनदा वाचला. वाईट वाटेल म्हणून थोडी थांबली. काही वाटलं नाही. बडनेऱ्याकडे जाणारी मालगाडी शेजारून गेली, तिचे डबे ती मोजत बसली.

घरी दुर्गाबाई, तिची आई, ताट वाढता वाढता विचारायची, “काहून गं, जेवत नाईस?”

“जेवून तं राहिली.”

“तसं नाई.”

“मंग कसं?”

दुर्गाबाईला ते सांगता यायचं नाही. ती आणखी अर्धी भाकर वाढायची.

आकांक्षा रोज तासभर तो गेम खेळत राहिली. पिवळ्या रेघेमागून गेली, राक्षस मारले, पेट्या उघडल्या. आळणी वरण पानात आलंय म्हणून संपवावं, तसं.

एका शुक्रवारी, टायपिंग चालू असताना, फोन आला.

“आकांक्षाबाई बोलून राहिल्या का? मी केशवराव, शेंदूरजनाघाटचा. संत्र्याचा बगीचा हाय आपला. तुमचा गेम खेळतो मी. नंबर पोरानं काढून देल्ला.”

केशवराव एकसष्ट वर्षांचे. चार वर्षांपूर्वी संत्रं तोडताना शिडीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. सहा महिने खाटेवर. मुलगा शेखर नागपूरला असतो. त्याचा कॉम्प्युटर घरी होता, त्याने बापाचं मन रमावं म्हणून ‘ऑर्वेन’ लावून दिला, मराठीतला. हाड सांधलं, पण पाय आखूड राहिला. बगीचा चुलतभाऊ पाहतो. केशवराव गेम पाहतात.

“दुसरा भागबी घेतला पोरानं,” ते म्हणाले. “पण तो इंग्रजीत हाय. मले काई समजत नाई. पंधरा दिवस झाले, मी होलिनले हुडकून राहिलो. साऱ्या गावाईत जाऊन आलो. कुठी हाय तो?”

आकांक्षाची बोटं की-बोर्डवर थांबली. समोर अशील बसलेला होता.

“काकाजी,” ती म्हणाली, “मी रविवारी येऊ का तुमच्याकडे?”

का म्हणाली, ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. फोनवर सांगून मोकळं होता आलं असतं.

रविवारी ती अमरावतीला उतरली, वरूडची एसटी धरली, तिथून जीपने शेंदूरजनाघाटला पोचली. मृग बहाराची तोड चालू होती. रस्त्याच्या दोन्ही कडांना संत्र्यांचे ढीग, गवत, क्रेट, ट्रक. जीपमधल्या बाया मोसंबी परवडते की संत्रं यावर वाद घालत होत्या. तिने खिडकीबाहेर पाहिलं. नारिंगी रंग होता, इतकं तिच्या लक्षात आलं.

केशवराव ओसरीत काठी टेकून उभेच होते. तिला पाहून गडबडले. “बाप्पा, तुमी तं लहान हा! मले वाटलं कोणी मास्तरीण असन.” त्यांच्या बायकोने, पार्बताबाईंनी, पाणी आणलं, पाटवडीचा रस्सा चुलीवर आहे म्हणाल्या, आणि “याह्यले समजावून सांगा बाई काय ते, डोकं पिकवलं माह्यं त्या लोहारापाई,” असं म्हणून आत गेल्या.

कॉम्प्युटर देवघराच्या शेजारी होता. शेजारी एक वही. त्यात केशवरावांनी गावांची नावं लिहिली होती, जशी ऐकू आली तशी, आणि प्रत्येकापुढे फुली. एकेका गावात ते लोहाराच्या भट्टीपाशी जाऊन उभे राहिले होते. भट्टीत कोणी दुसराच असायचा, इंग्रजीत दोन वाक्यं बोलायचा. केशवराव ती वाक्यं ऐकायचे, पुन्हा ऐकायचे, की त्यांत होलिनचं नाव येतं का.

“इथं एक बुढा हाय,” त्यांनी दाखवलं. “हा मान हालवते. याले ठाऊक असन का?”

आकांक्षाने वाचलं. म्हातारा म्हणत होता, हवा छान आहे, प्रवासाला चांगला दिवस.

“त्याले काही ठाऊक नाही, काकाजी.”

“मंग?”

तिने गेम पहिल्यापासून लावला. सुरुवातीचा देखावा सुरू झाला. रात्र, घोडे, हातात मशाली घेतलेले शिपाई, पेटलेलं गाव. केशवराव म्हणाले, हे पाह्यलं मी. तिने चित्र थांबवलं आणि डाव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. एक घर जळत होतं, दारात ऐरण होती, आणि ऐरणीपाशी कोणीतरी पडलेलं होतं. अंगठ्याएवढं.

“तो आहे,” ती म्हणाली. “हे आपलं पहिलं गाव आहे. तो इथंच जातो.”

“मेला?”

“हो.”

केशवराव पुढे वाकले. चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. “अन् याच्याबद्दल कोणी काई बोलत नाई?”

“एक शिपाई म्हणतो, इथं काही उरलं नाही, पुढे चला.”

“नाव नाई घेत?”

“नाही.”

ते बराच वेळ त्या कोपऱ्याकडे पाहत राहिले. आकांक्षाला वाटलं, आता हे रडतील, किंवा आपण. दोघांपैकी कोणीच रडलं नाही. आतून पार्बताबाईंचा आवाज आला, पानं घेतली म्हणून.

जेवताना केशवराव म्हणाले, “तुमी ते मराठीत कराले घेतलं, तं त्या शिपायाच्या तोंडी त्याचं नाव घालता येईन का?”

“फाइल उघडत नाही, काकाजी. मी सगळं करून पाहिलं.”

“बरं,” ते म्हणाले, आणि पार्बताबाईंनी रस्सा वाढला तर नको म्हणाले नाहीत.

निघताना त्यांनी पिशवीभर संत्री दिली. परतीच्या एसटीत पिशवी मांडीवर घेऊन आकांक्षाने ग्रुपवर लिहिलं: दुसऱ्या भागाचं मराठी होणार नाही. मी प्रयत्न केला, जमलं नाही. कोणी टांगलेलं राहू नये. एवढंच. आणखी काही लिहावं असं वाटलं, पण काय ते सुचलं नाही. तिने फोन पिशवीत टाकला. मूर्तिजापूर येईपर्यंत दोनशे उत्तरं आली होती. शिव्या पाच-सहाच. बाकीच्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली होती. धम्मदीपने लिहिलं, सॉरी ताई. तिने त्याला उत्तर दिलं, ठीक आहे. ते खरंच ठीक होतं, कारण राग आलाच नव्हता.

महिनाभराने केशवरावांचा पुन्हा फोन आला. खुशालीचाच. तिने विचारलं, जुना भाग खेळता का?

“उघडला होता एक डाव,” ते म्हणाले. “होलिन भेटला. बस म्हणे. पण आता मले ठाऊक हाय ना बाई, त्याच्यासंग पुढे काय होते ते. त्याच्यापाशी बसवलं नाई. बंद केला.” मग ते म्हणाले, “आता सकायी बगीचात जातो. काठी घेऊन, बांधापर्यंत. भावानं दोन झाडं वाळवली, पाणीच नाई देल्लं त्यानं.”

“पाय दुखत नाही?”

“दुखते ना. दुखन नाई तं काय.”

आकांक्षाने फोन ठेवला. दुखतं म्हणणाऱ्या माणसाचा तिला थोडा हेवा वाटला. बऱ्याच दिवसांत तिला वाटलेली ती पहिली गोष्ट होती, आणि तीही फार मोठी नव्हती. समोर बोरगावच्या दोन भावांचा वाटणीचा अर्ज पडला होता. तिने मथळा टाइप केला, पहिला परिच्छेद केला. तिसऱ्या ओळीत धाकट्या भावाचं नाव गाळलं गेलं. वकीलसाहेबांनी सही करण्याआधी वाचलं, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, आणि अशिलांसाठी चहा मागवला.